शेवटच्या माणसाला एक नंबरची चिठ्ठी

शिक्षकाच्या नोकरीत दोन कामं चुकत नाहीत, असं आमचे जुने हेडमास्तर म्हणायचे: जनगणना आणि निवडणूक. जनगणना २०११ नंतर २०२४ पर्यंत झालीच नव्हती, पण तिचा वाटाही निवडणुकांनी व्याजासकट वसूल केला. २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेची ड्यूटी करून जरा दम खातोय, तोवर दिवाळीच्या तोंडावर विधानसभेचा आदेश हातात पडला. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झालेली. २८८ जागा, एकाच टप्प्यात २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला मोजणी. आदेशावर माझ्या नावापुढे ‘मतदान केंद्राध्यक्ष’ असं छापलेलं. म्हणजे त्या दिवशी केंद्रावर काहीही घडलं तरी खाली सही माझी.

या निवडणुकीवर नंतर इतकं बोललं गेलं, की आपण काही लिहावं असं वाटलं नव्हतं. पण ‘सहानंतर मतं वाढली’, म्हणजे संध्याकाळी मतदानाची वेळ संपल्यावर लाखो मतं कुठूनतरी आली, हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या तावातावाने ऐकलं, की राहवेना. सहा वाजता मी अशाच एका खोलीत होतो. तिथं काय चालतं, एवढंच सांगतो.

मी राहतो कोल्हापूर शहरात. मत माझं कोल्हापूर उत्तरमध्ये आणि नेमणूक राधानगरी मतदारसंघात, डोंगरातल्या एका गावी. कुणाला कुठं टाकायचं हे संगणकाच्या सरमिसळीतून ठरतं, त्यामुळे ओळखीच्या साहेबांना फोन करून काही उपयोग नसतो. तरी लोक करतात. पहिल्या प्रशिक्षणाला सभागृहात निम्मी माणसं ‘ड्यूटी रद्द’चे अर्ज खिशात घेऊनच बसली होती. कुणाची मणक्याची फाईल, कुणाच्या बहिणीचं लग्न. दुसऱ्या प्रशिक्षणाच्या सुमाराला मात्र सगळ्यांच्या तोंडी आमच्या उत्तरचंच नाटक होतं. ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या काही मिनिटांत काँग्रेसच्या उमेदवार, राजघराण्यातल्या मधुरिमाराजेंनी माघार घेतली आणि उत्तरच्या मतपत्रिकेवर हाताचं चिन्हच उरलं नाही. समोर पडद्यावर व्हीव्हीपॅटचा, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राचा, नॉब आडवा कधी आणि उभा कधी हे शिकवणं चाललेलं आणि मागच्या दहा रांगांत राजवाड्याचं राजकारण.

आमचं स्वतःचं मत आम्ही सुविधा केंद्रात टपाली मतपत्रिकेवर दिलं. जुन्या पेन्शनवर घरात, स्टाफरूममध्ये, व्हॉट्सअॅपवर काय काय बोलून झालं होतं, ते सगळं त्या एका फुलीत.

१९ तारखेला सकाळी साहित्यवाटप. मंडपात टेबलांच्या रांगा, माईकवर सतत कुणाचंतरी नाव आणि माझी टीम म्हणजे मी कधीही न पाहिलेली तीन माणसं. पहिला मतदान अधिकारी पाटबंधारे खात्यातला लिपिक. दुसरे एक प्राथमिक शिक्षक, निवृत्तीला आलेले, निवडणुका करून करून पक्के झालेले. तिसरा बँकेत नुकता लागलेला पोरगा. त्याला बिचाऱ्याला वाटलं होतं, की मतदान यंत्रं आदल्या रात्री कुणीतरी येऊन लावून देतं. शिक्षकांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं, “सर, कागद मी बघतो, यंत्र तुम्ही बघा, पोराला बटणावर बसवू.” अशी माणसं टीममध्ये असली की निम्मी निवडणूक जिंकली म्हणायची.

साहित्य ताब्यात घेताना घाई केली की पुढं रडायची वेळ येते. कंट्रोल युनिटचा (मतं साठवणारा, आमच्या टेबलावरचा भाग) नंबर, बॅलट युनिटचा (मतदाराने बटण दाबायचा भाग) नंबर, व्हीव्हीपॅटचा नंबर, हे तिन्ही यादीशी जुळवायचे. हिरव्या कागदी सीलवरचे क्रमांक लिहून घ्यायचे. मतदार यादीची चिन्हांकित प्रत पानापानाने मोजायची. ८५ वर्षांवरच्या ज्यांनी घरून मत दिलंय, त्यांच्या नावापुढे तशी खूण आहे ना बघायचं. शाईची बाटली उलटी करून गळते का पाहायचं. पाकिटांचा तर एक वेगळाच संसार असतो, हिरवी, पिवळी, तपकिरी, निळी, प्रत्येकात काय जायचं ते ठरलेलं. हे सगळं जमिनीवर सतरंजी टाकून मांडून बसलो, तेव्हा शेजारच्या टीमचे लोक एसटीत जागा धरायला पळाले होते. त्यातला एकजण तासाभराने आमच्याकडे एक जादा सतरा-ए रजिस्टर, म्हणजे मतदारांच्या सह्यांचं, आहे का म्हणून विचारत आला.

लालपरीने घाट चढून गावात पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. नोव्हेंबरात तिकडं भाताची मळणी चालू असते. खळ्यावर माणसं, रस्त्याला पेंढ्याचा वास. प्राथमिक शाळेची खोली आमचं केंद्र. भिंतीवर सरकारी योजनेचं पोस्टर होतं, त्यावरचे फोटो वर्तमानपत्र चिकटवून झाकले. फक्कीने १०० मीटरची रेघ मारली. मतदान कक्ष खिडकीजवळ नको, व्हीव्हीपॅट थेट ट्यूबलाइटखाली नको, उमेदवारांच्या एजंटांना मतदार दिसला पाहिजे पण त्याचं बोट दिसता कामा नये, या सगळ्या अटी एका वीस फुटी खोलीत बसवता बसवता बाकं चारदा फिरवली. संध्याकाळी गावातले एक पुढारी येऊन जेवायचं आमंत्रण देऊन गेले. “पाव्हणे आलायसा, तुमास्नी उपाशी ठेवायचं व्हय?” नाही म्हणताना वाईट वाटतं, पण म्हणावंच लागतं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी पैसे घेऊन भाकरी-आमटी दिली. तीच गोड लागली.

रात्री झोप कसली येते. बाकावर पडून आढ्याकडे बघत होतो. शिक्षक मात्र यंत्राच्या पेटीला पाय लावून घोरत होते.

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे अभिरूप मतदान. ज्यांना यंत्रावर शंका आहे त्यांनी दिवसभरातली ही एक वेळ अजिबात चुकवू नये, असं माझं मत आहे. दुर्दैवाने हीच वेळ सगळ्यांना चुकवावीशी वाटते. तीन प्रमुख उमेदवारांचे एजंट येणार होते. साडेपाचला हजर एकच. दुसरा कांबळं पांघरून पावणेसहाला आला. तिसरा आला तेव्हा आमची निम्मी मतं टाकून झाली होती. नियमाने किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. प्रत्येक मताची नोंद कागदावर करायची. मग क्लोज दाबायचं, रिझल्ट दाबायचं आणि आकडे मोठ्याने वाचायचे. नंतर व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ढीग लावून मोजायच्या. आमचे तिन्ही हिशोब जुळले: कागद, यंत्र, चिठ्ठ्या. उशिरा आलेल्या एजंटाने त्याच्या चिन्हाच्या चिठ्ठ्या पुन्हा स्वतः मोजल्या. मला ते आवडलं.

आता क्लिअर दाबायचं. याला आम्ही ‘सीआरसी’ म्हणतो: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. यातलं शेवटचं विसरलं तर सकाळची नकली मतं दिवसाच्या खऱ्या मतांत मिसळतात आणि असा घोटाळा दर निवडणुकीत कुठंतरी कुणाच्यातरी हातून झालेला ऐकू येतो. आमच्या पोराने क्लिअर दाबलं, टोटल दाबून शून्य दाखवलं, एजंटांना एकेक करून वाकून बघायला लावलं. व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी आहे हेही दाखवलं. मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर मागून शिक्का मारून काळ्या पाकिटात. मग कंट्रोल युनिटच्या रिझल्टच्या कप्प्यावर हिरवं सील. त्या सीलच्या पट्टीवर माझी सही आणि तिन्ही एजंटांच्या सह्या. पट्टी अशी बसवायची, की ती फाडल्याशिवाय रिझल्टच्या बटणापर्यंत बोट जात नाही. थंडीने बोटं वळत नव्हती, सील चिकटत नव्हतं आणि घड्याळ पळत होतं.

बरोबर सातला पहिलं मत. एक आजोबा धोतर-टोपीत, अंघोळ करून गंध लावून आलेले.

सकाळचे दोन तास गर्दी, मग थोडी ओसर. केंद्राचं काम तसं साखळीचं. पाटबंधारेवाले नाव मोठ्याने वाचणार म्हणजे एजंट आपल्या यादीवर खूण करणार, शिक्षक शाई लावून सही-अंगठा घेणार, पोरगा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं ‘बॅलट’ बटण दाबणार. कक्षातून लांब बीप आली की मत पडलं. दिवसभरात ती बीप इतकी कानात बसते, की पुढं दोन दिवस रिक्षाच्या रिव्हर्सलाही मान वळते.

साडेदहाच्या सुमाराला एक चाळिशीची बाई कक्षात गेली आणि तिथूनच तिने विचारलं, “गुरुजी, ह्या पंध्राशेचं बटान कुटलं वो?”

तिन्ही एजंट एकदम उभे. एक हसतोय, एक लाल झालाय, तिसरा मला म्हणतोय, “सर, लिहून घ्या हे!” मी जागेवरूनच म्हटलं, “ताई, मला तिकडं येता येत नाही. चिन्हं बघा, फोटो बघा, तुमचं तुम्ही ठरवा.” ती जरा थांबली. मग बीप आली. बाहेर येताना म्हणाली, “घावलं.”

तिला कुठलं घावलं ते तिलाच माहीत. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये, जुलैपासूनचे, ऑगस्टपासून खात्यात येत होते आणि समोरून महाविकास आघाडीने ३,००० चं आश्वासन दिलं होतं. त्या दिवशी रांगेत बायकांची संख्या डोळ्यांत भरत होती, हे मात्र खरं. राज्यातही महिलांचं मतदान ६५ टक्क्यांच्या पुढे गेलं. २०१९ मध्ये ते ५९ च्या आसपास होतं. बायकांची मतं पैशाने विकली गेली असं नंतर बरेच शहाणे म्हणाले. पुरुषांना रस्त्याचं कंत्राट, सोसायटीचं कर्ज, पोराची नोकरी बघून मत देताना मी आयुष्यभर पाहतोय. त्याला कुणी विक्री म्हटलेलं ऐकलं नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण खरा घोळ तिथं आहे.

दर दोन तासांनी केंद्राध्यक्षाने मतदानाचा आकडा वर कळवायचा असतो: नऊ, अकरा, एक, तीन, पाच. कळवायचा मोबाइलवरून. आमच्या शाळेत रेंज नव्हती. शाळेमागच्या चढावर एका आंब्याखाली एक-दोन काड्या यायच्या, पण केंद्र सोडून मी जाणार कसा? मग कागदावर पुरुष किती, स्त्रिया किती, एकूण किती लिहून द्यायचं आणि कोतवालाने तो घेऊन वर जायचं. तो जाईपर्यंत, फोन लागेपर्यंत, पलीकडे झोनल अधिकाऱ्याचा फोन मोकळा मिळेपर्यंत आकडा शिळा झालेला. त्या अधिकाऱ्याच्या गळ्यात आमच्यासारखी आणखी डझनभर केंद्रं. पाचचा आमचा आकडा निघाला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते आणि वर पोहोचला कधी, देव जाणे. असे राज्यभरात १ लाखावर केंद्रांचे आकडे गोळा होतात, त्यातले जेवढे आले तेवढ्यांवरून टक्केवारी काढतात आणि ती टीव्हीवर झळकते. शेतात उभ्या पिकाकडे बघून ‘एवढी पोती होतील’ म्हणावं, तशी ती टक्केवारी असते. पोती नंतर मोजायची असतात.

त्या दिवशी पाच वाजताची राज्याची टक्केवारी आली ५८.२२. अंतिम आली ६६.०५. मधला फरक साडेसात टक्क्यांच्या वर, मतांत साधारण ७६ लाख. एवढी मतं सहानंतर कुठून आली, असा प्रश्न उभा राहिला आणि अजून पुरता बसलेला नाही. पण ५८.२२ हा आकडा सहाचा नाही, पाचचा आहे. पाच ते सहा हा पुरा एक तास त्यात धरलेलाच नाही. राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार, अकरा तासांत ६६ टक्के, म्हणजे ताशी सरासरी ५८ लाख मतं. त्यात रेंज नसलेल्या आमच्यासारख्यांचे शिळे आकडे मिळवा. ते ७६ लाख १ लाख केंद्रांत वाटले तर केंद्रामागे सरासरी ७६ मतं होतात. आमच्या खोलीत शेवटच्या तासात तेवढी सहज पडली.

कारण डोंगरात लोक मळणी टाकून सकाळी येत नाहीत. चारनंतर खळ्यावरून, रानातून माणसं उतरायला लागली. पायाला भाताचा कोंडा, डोक्याला टॉवेल. त्यातच मुंबईहून निघालेली एक गाडी घाटात बंद पडून सकाळच्या ऐवजी दुपारी साडेचारला पोहोचली. राधानगरी-भुदरगडातली किती घरं मुंबईत आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला या गाड्यांचं महत्त्व सांगायला नको. गाडी कुणी केली होती याची चौकशी करणं माझं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्याच बाजूंच्या गाड्या आल्या होत्या. साडेपाचला व्हरांडा भरून रांग अंगणात गेली.

सहाच्या आधी दहा मिनिटं मी चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या. नियम फार सुंदर आहे. सहाच्या ठोक्याला जे रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, मग रात्रीचे आठ वाजोत. पण मधेच कुणी घुसू नये म्हणून चिठ्ठ्या शेवटापासून वाटायच्या. रांगेतला सगळ्यात शेवटचा माणूस असेल त्याला एक नंबर, त्याच्या पुढच्याला दोन, असं करत दारापर्यंत यायचं. एक नंबरची चिठ्ठी आमच्याकडे एका कॉलेजच्या पोराला मिळाली. त्याला वाटलं आता आपला पहिला नंबर, तो निघाला पुढे. हवालदाराने धरून मागे उभा केला, तेव्हा सगळी रांग हसली.

फाटक लावलं आणि दोनच मिनिटांत एक गडी धापा टाकत आला. “म्हसरं बांधून आलोय गुरुजी. दोन मिनिटानं काय हुतंय?” त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. दोन एजंट म्हणाले घ्या, एक म्हणाला घेतलं तर मी लेखी तक्रार करणार. अशा वेळी ज्याचा आग्रह जास्त, त्याचं तो मत असणार हे उघड असतं, म्हणून कुणाचंच ऐकायचं नाही. घेतलं नाही. तो बराच वेळ फाटकाच्या गजाला धरून उभा होता. मग माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. हेही दैनंदिनीत लिहिलं, पिढ्या वगळून.

रांग संपायला पावणेसात झाले. शेवटचा तो कॉलेजचा पोरगा. मग एजंटांसमोर क्लोज. पडद्यावरचा एकूण आकडा आणि सतरा-ए रजिस्टरमधला शेवटचा अनुक्रमांक जुळतो की नाही, हा क्षण केंद्राध्यक्षाच्या छातीतला. जुळला. शिक्षकांनी तेवढ्यात तंबाखू मळायला घेतली, यावरून त्यांना आधीच खात्री होती हे कळलं.

आता या साऱ्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा कागद: नमुना १७-सी. यंत्रांचे नंबर, केंद्रावर मतदार किती, रजिस्टरप्रमाणे मतं किती, यंत्राप्रमाणे किती, सील कुठल्या क्रमांकाचं, हे सगळं एका कागदावर. त्याची प्रत प्रत्येक एजंटाला सही घेऊन द्यायचीच, हा नियम आहे. मोजणीच्या दिवशी यंत्र टेबलावर आलं की पहिल्यांदा हाच आकडा ताडून बघतात. त्यावरून कुणी वरून मतं ओतली का, यंत्र बदललं का, हे कळायचा मार्ग यापेक्षा सोपा दुसरा नाही. टीव्हीवरची टक्केवारी कितीही हलली, तरी हा कागद सहाच्या नंतर तासाभरात गावातच हाताला लागलेला असतो.

आणि तो घ्यायला थांबतं कोण? तिघा एजंटांपैकी एकजण सहानंतर थोड्याच वेळात ‘रांग संपली की सांगा’ म्हणून चहाला गेला तो परत आला नाही. दुसऱ्याने घेऊन नीट घडी करून पाकिटात ठेवला. तिसरा म्हणाला, “तुमच्याकडंच ऱ्हाऊद्या की गुरुजी, आमी काय करू त्याचं?” हा तोच, पहाटे चिठ्ठ्या पुन्हा मोजणारा. दिवसभर बसून अंग आंबलं होतं बिचाऱ्याचं. मी पोचपावतीवर सही घेतली आणि कागद त्याच्या शर्टाच्या खिशात घातला. मोठे पक्ष कोर्टात, दिल्लीत, पत्रकार परिषदेत यंत्रावर बोलतात, पण आपल्या बूथवरच्या पोराला हा कागद कशासाठी असतो ते एका संध्याकाळी बसवून सांगत नाहीत. माझा खरा राग आहे तो यावर.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. लाख, मेणबत्ती, सील, पाकिटं, एसटी. जमा करायच्या ठिकाणी भलीमोठी रांग आणि टेबलावरच्या माणसाला नेमकं तेच पाकीट आधी हवं जे आपण तळाशी ठेवलंय. पावती हातात पडली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. घरी येऊन मी यंत्राचा एकूण आकडा माझ्या वहीत लिहून ठेवला. ही माझी जुनी सवय.

२३ तारखेला शनिवार. सकाळी आठला मोजणी सुरू, आधी टपाली मतं. पहिल्या अर्ध्या तासात टीव्हीवर जे ‘कल’ नाचतात ते बहुतेक आमचेच, म्हणून आम्ही ते जरा अभिमानाने बघतो. साडेदहापर्यंत चित्र एवढं एकतर्फी झालं, की ज्यांचा पक्ष जिंकत होता तेही चॅनल बदलून खात्री करत होते. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विरोधी पक्षनेतेपदाला लागतात तेवढ्या, म्हणजे एकदशांश जागाही एका पक्षाला नाहीत. कराड दक्षिणमध्ये पृथ्वीराज चव्हाण पडले, संगमनेरात बाळासाहेब थोरात पडले. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी वाचले आणि मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी. एकेका मताची किंमत अशा वेळी कळते. मला तो फाटकाच्या गजाला धरलेला गडी आठवला.

कोल्हापूर जिल्ह्याचं तर अजब झालं. जूनमध्ये कोल्हापूर लोकसभेला काँग्रेसचे शाहू महाराज दीड लाखाहून जास्त मतांनी आले होते. पाच महिन्यांत त्याच जिल्ह्यात दहापैकी काँग्रेसला एकही जागा नाही. २०१९ ला चार होत्या. राधानगरीत प्रकाश आबिटकर तिसऱ्यांदा आले आणि पुढं आरोग्यमंत्री झाले. करवीरमध्ये मतदान ८४ टक्क्यांच्या पुढे गेलं आणि चंद्रदीप नरके दोन हजारांहून कमी फरकाने निघाले. सोमवारी स्टाफरूममध्ये निम्मे लोक गप्प आणि निम्मे लोक आकडे पाठ झाल्यासारखे म्हणत होते. जिंकलेल्या बाजूलाही इतकं अपेक्षित नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मला विचाराल तर लाडकी बहीण, आघाडीतली जागावाटपाची भांडणं आणि लोकसभेनंतर आलेली सुस्ती, एवढ्यात निकालाचं बरंचसं उत्तर मिळतं.

पण शंका घेणाऱ्याला खुळ्यात काढणं मला पटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबरला स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, तर गावात जमावबंदी आणि पोलीस. माळशिरसला आमदार त्यांच्याच पसंतीचे उत्तमराव जानकर निवडून आले होते, तरी आपल्या गावात दुसऱ्याला आघाडी कशी, हा त्यांचा प्रश्न. तसं मतदान कायद्यात बसत नाही, हे खरं. पण पोलीस पाठवण्याआधी एखाद्या अधिकाऱ्याने चावडीत बसून त्यांच्या केंद्राचा १७-सी आणि निकालाचा तक्ता ओळीओळीने वाचून दाखवला असता तर काय बिघडलं असतं? हरलेल्या उमेदवाराला यंत्र तपासून घ्यायचं तर त्या वेळी संचामागे ४० हजार रुपये आणि वर जीएसटी भरावा लागत होता. डिसेंबरात निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण वगैरे सर्वांना बघायला मिळण्याची वाट अरुंद केली. सहानंतरच्या मतांबद्दलची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली, ती कायद्याने ठीकच असेल. पण आमच्या केंद्राचं चित्रण कुणीही बघावं, मला काही हरकत नाही. त्यात मी थंडीने कुडकुडत सील चिकटवताना दिसेन.

निकालाचा केंद्रवार तक्ता, म्हणजे नमुना २०, आला तेव्हा मी माझ्या वहीतला आकडा काढून ताडून पाहिला. जुळला.

त्यानंतर आठवड्याभराने एक फोन आला. तोच पहाटेचा चिठ्ठ्या मोजणारा एजंट. गावच्या गुरुजींकडून नंबर मिळवला म्हणाला. त्याचा उमेदवार पडला होता. वरून कुणीतरी सगळ्या बूथचे १७-सी मागितले होते आणि त्याचा कागद शर्टासकट धुण्यात गेला होता. दुसरी प्रत मिळंल का? मी म्हटलं, माझ्याकडं प्रत नाही, ती सीलबंद आहे. पण त्याच गावात दुसऱ्या एजंटाच्या पाकिटात एक नीट घडी करून ठेवलेली आहे, त्याच्याकडं जा. नमुना २० कुठं बघायचा, त्यात आपलं केंद्र कसं शोधायचं, कुठल्या रकान्यातला एकूण आकडा कशाशी लावून बघायचा, हेही सांगितलं. तो लिहून घेत होता, मधे मधे “थांबा थांबा” म्हणत.

दोन दिवसांनी पुन्हा त्याचाच फोन.

“गुरुजी, लावून बगितलं. एकूण बरोबर हाय. मशीन बरोबर हाय.”

“मग झालं तर.”

“न्हाई, पर आमच्या वाडीतल्या सगळ्या घरांनी भंडारा उचलून शपथ घेतलीवती. तेवढी मतं त्यात दिसत न्हाईत. त्याला कुटला फॉर्म असतोय?”